लाल चिऱ्यासमोर राखाडी दिवा

आमचं घर मालवणला, चिवल्याच्या किनाऱ्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात मागच्या बाजूची कौलं गेली, वासे भिजले आणि तेव्हापासून पैसे हातात येतील तसतसं घराचं काम काढत आलो. शेवटी स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली भिंत अर्धी उतरवली आणि तिथे जेवणाचं टेबल आलं. टेबलामागच्या भिंतीचा गिलावा नाहीतरी पोपडे धरत होता. तो सगळा खरवडून आतला लाल जांभ्याचा चिरा उघडा ठेवला, सांधे भरून घेतले. मग प्रश्न उरला उजेडाचा.

तोवर तिथे भिंतीवर एक ट्यूब होती. कौलारू घरात राहिलेल्यांना ठाऊक असेल, छप्पर उंच, कौलं-वासे काळपट, त्यामुळे वर गेलेला उजेड वरच राहतो. स्लॅबचं पांढरं सिलिंग उजेड परत खाली टाकतं, आमच्याकडे ती सोय नाही. शिवाय दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की पोचणारा उजेड चौथाईवर येतो, हे शाळेतलं विज्ञान आमच्याकडे रोज रात्री ताटात दिसायचं. पेडवे नाहीतर तारली असे काटेरी मासे पानात असताना अंधूक उजेड हा काही शोभेचा विषय राहत नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांची अट एकच, "गो, काटो दिसाक व्हयो. रंग मगे खयचोय लाव."

म्हणून टांगते दिवे. यात आम्ही नवीन काही करत होतो असंही नाही. देवळातल्या हंड्या आणि झुंबरं, देवघरातला साखळीचा लामणदिवा, सगळे त्याच कामाचे. उंच छपराखाली दिवा माणसाजवळ आणायचा.

रंगावर घरात मतं पडली. लेक पुण्याहून काळ्या दिव्यांचे फोटो पाठवत होती. काळा रंग पुण्यात शोभतो, पण खाऱ्या वाऱ्यात त्याच्यावर आठ दिवसांत पांढुरकी साय धरते आणि बोट लावलं की बोटाचा ठसा उमटतो. पांढऱ्यावर माश्यांचे ठिपके आणि जळमटं उठून दिसतात. नवऱ्याला पितळी हवे होते. पितळेला माझी ना नव्हती, पण लामणदिवा चिंचेने घासून चकचकीत करायचं काम या घरात कोण करतं हे मी त्याला विचारलं, आणि पितळ मागे पडलं. उरला राखाडी. मीठ, धूळ, धूर सगळं त्यात जिरतं. हे कारण फारसं कलात्मक नाही, पण खरं कारण हेच.

पहिला दिवा ऑनलाइन मागवला, नमुना म्हणून एकच. फोटोत अगदी शांत राखाडी होता. खोक्यातून काढून हातात धरला तेव्हाही तसाच. भिंतीसमोर धरला आणि हिरवट झाला. शेवाळ नुकतं धरू लागल्यासारखा हिरवट. अंगणात नेला की पुन्हा राखाडी, आत आणला की पुन्हा हिरवा. नवरा म्हणाला, तुझा चष्मा बदल.

चष्म्याचा संबंध नव्हता. मिशेल शेव्हरल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचं काम बघत. तिथले विणकर तक्रार करायचे की काळा धागा फिका पडतो, रंग कच्चा आहे. यांनी तपासलं तर रंग पक्का निघाला. काळ्याच्या शेजारी विणलेला निळा-जांभळा धागा त्याला फिका दाखवत होता. शेजारच्या रंगामुळे रंग कसा बदललेला दिसतो यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ काढला. लाल पाहत असताना डोळा त्याच्या विरुद्ध रंगाकडे झुकतो आणि शेजारच्या राखाडीला हिरवट छटा चढवतो. आमच्या भिंतीचा चिरा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडने लालभडक झालेला जांभा. त्याच्यासमोर थंड राखाडी हिरवट नाहीतर निळसरच दिसणार होता. दुकानात मात्र दिव्यामागे पांढरी भिंत असते आणि वर ६५०० केल्विनचा निळसर उजेड (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर), त्यामुळे तिथे यातलं काही कळत नाही.

त्याच दिव्याची दुसरी परीक्षा आमच्या वायरमननी घेतली. मालाच्या वर्णनात 'ॲल्युमिनियम' लिहिलं होतं. त्यांनी खिशातला टेस्टर काढला, त्याच्या मागच्या टोकाला लोहचुंबक होतं. ते शेडला चिकटलं. "वयनी, लोखंडाचो दिवो हाडल्यात तर दोन पावसात गंजतलो." दिवा परत पाठवला, पैसेही आले. पण तेव्हापासून माझ्या पर्समध्ये फ्रिजवरचं एक चुंबक असायचं आणि दुकानदार माझ्याकडे जरा संशयाने बघायचे.

किनाऱ्यावर वस्तू कशाची आहे हे तिच्या रूपाच्या आधी बघावं लागतं, दिव्याचंही तसंच. लोखंडी पत्र्यावर कितीही चांगला रंग असला तरी गंज मधून सुरू होत नाही. तो कडेपासून, स्क्रूच्या भोकापासून, जिथे रंगाला केसाएवढी चीर असेल तिथून आत शिरतो आणि रंगाखालून पसरतो. वरून फुगवटा दिसतो तोवर खालचा पत्रा संपलेला असतो. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याला सांभाळतो. खाऱ्या हवेत तेही पांढरट पडतं, पण वर नीट कोटिंग असेल तर घरात पुष्कळ टिकतं. काच सगळ्यात निश्चिंत. धुरकट राखाडी काचेचे गोळे मला आवडलेही होते, पण त्यातून बल्ब सरळ डोळ्यात येतो, आणि पश्चिमेची खिडकी उघडी राहिली की वाऱ्याने दोन गोळे एकमेकांवर आदळतील ही धास्ती. सिमेंटचे दिवे दिसायला झकास, पण वजनदार, आणि पावसाळ्यात सिमेंट ओल धरतं. वेताचे, कापडाचे, कागदाचे तर जुलैत बुरशीने राखाडी होतील, रंग द्यायलाच नको.

ॲल्युमिनियम ठरलं. नंतर मुंबईला नणंदेकडे गेलो तेव्हा लोहार चाळीत हिंडलो. दिव्यांचा माल बघायचा तर ती गल्ली अजून तशीच आहे, एका दुकानात मिळालं नाही तर शेजारचा काढून देतो. तिथे मला हवं ते एका कोपऱ्यात सापडलं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या, घंटेच्या आकाराच्या, रंग न दिलेल्या कोऱ्या शेड. दुकानदार म्हणाला, "ताई, रंग तुम्ही देणार? तयार ग्रे घेऊन जा ना." त्याचा तयार ग्रे मी दाराबाहेर नेऊन बघितला. हा निळसर. कोऱ्या शेड घेतल्या.

आता नेमका कुठला राखाडी, हे घरी बसून ठरवायचं होतं. पावडर कोटिंगवाले, म्हणजे रंगाची भुकटी भट्टीत भाजून धातूवर बसवणारे, आरएएल नावाच्या जर्मन रंगपद्धतीच्या क्रमांकांवर चालतात. ती १९२७ मध्ये ४० रंगांनी सुरू झाली. आता तिच्यात राखाडीचंच एक कुटुंब आहे, सात हजारांपासून पुढे. ७०१६ म्हणजे अँथ्रासाइट, हल्ली खिडक्यांच्या चौकटींना सगळीकडे दिसतो तो गडद निळसर करडा. ७०३५ फिकट, ७०४० खिडकीचा म्हणवणारा, तोही थंड. ७०३९ क्वार्ट्झ, जरा मातकट. ७०३६ प्लॅटिनम, ज्यात अगदी किंचित लालसर ऊब आहे. कोल्हापूरच्या एका पावडर कोटिंगवाल्याने यांतल्या काहींचे पत्र्याचे तुकडे दिले, पूर्वीच्या कामातून उरलेले. वर सांगितलं की मोबाइलवर रंग बघून ऑर्डर देणाऱ्यांशी त्याची रोज भांडणं होतात.

ते तुकडे मी चिऱ्याच्या भिंतीवर सुतळीने टांगले आणि तसेच ठेवले. घरात येणारा जाणारा मत देऊन जायचा, मासे घेऊन येणारी बाईसुद्धा. सकाळी पूर्वेचा उजेड आत येतो तेव्हा सगळेच बरे दिसायचे. खरी परीक्षा पावसाळी दुपारची. बाहेर आभाळ शिशासारखं, भिंतीचा चिरा ओलसर गडद, आणि त्या उजेडात ७०१६ चा तुकडा निळा पडला, ७०४० हिरवा-निळा, ७०३९ शेणकट. ७०३६ तेवढा राखाडी राहिला. म्हणजे भिंत त्याला जेवढं हिरव्याकडे ढकलत होती, तेवढी ऊब त्याच्यात मुळातच होती, आणि दोन्ही मिळून तो जागेवर येत होता. नुसता पांढऱ्या कागदावर ठेवला तर तो किंचित तपकिरी वाटतो. लेकीने फोटो बघून "हा तर मळका आहे" असं कळवलं. तिला म्हटलं, घरी ये आणि बघ.

रात्री पुन्हा तोच खेळ बल्ब बदलून. ६५०० केल्विनला भिंत मेल्यासारखी आणि सोलकढी जांभळट. चांगल्या सोलकढीची अशी अवस्था बघवत नाही. २७०० ला भिंत छान पेटली, पण राखाडीचा पार मातकट झाला. ४००० ला राखाडी बरोबर, भिंत कोरडी. ३००० ला दोघांचं जमलं. इथे केल्विनइतकाच दुसरा आकडा बघायचा असतो तो सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी गुण. साधे एलईडी बल्ब ८० च्या आसपास असतात. ९० च्या वरचे थोडे महाग पडतात, पण लाल रंग त्यांच्यात उघड सुधारतो. आमच्याकडे भिंत लाल, माशांचं तिखलं लाल, कोकम लाल. पैसे दिले.

कोटिंगच्या कामात सांगण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. भोकं आधी पाडून घ्यायची आणि मग कोटिंग करायचं, म्हणजे भोकाच्या कडेलाही थर बसतो. नंतर ड्रिल मारलं की तीच गंजाची, किंवा ॲल्युमिनियम असेल तर पांढऱ्या भुकटीची, वाट. दुसरं म्हणजे आतली बाजू पांढरी, बिनचमकीची. बाहेरून आतून दोन्हीकडे राखाडी दिवे फोटोत देखणे दिसतात, पण आतला राखाडी निम्माअर्धा उजेड गिळतो, आणि आपण बिल भरतो ते त्या गिळलेल्या उजेडाचंही. कोटिंगवाल्याने दोन रंग एका शेडवर म्हणून कटकट केली. एक बाजू झाकून दोनदा भट्टीत घालावं लागतं, आणि भट्टी १८० ते २०० अंशांची. शिवाय ७०३६ ची पावडर त्याच्याकडे नव्हती, दोन शेडसाठी पुडा फोडायला तो तयार नव्हता. कुणाचं तरी गेटचं काम त्या रंगात येईपर्यंत थांबलो. शेड आल्या त्या कोल्हापूरहून एसटीने, गोणपाटात गुंडाळून.

तोवर उंची ठरवून घेतली. वाऱ्यामुळे वायरवर टांगायचं नाही, दांडीवर टांगायचं, हे आधीच ठरलं होतं. वायरवरचा दिवा हलला की टेबलावरच्या सगळ्या सावल्या हलतात आणि जेवताना बोटीत बसल्यागत होतं. पण वायर नंतर वर-खाली करता येते, दांडी एकदा कापली की कापली. म्हणून रोवळ्या घेतल्या. तांदूळ धुवायच्या दोन रोवळ्या उपड्या, तुळईला सुतळी बांधून टेबलावर लोंबत्या सोडल्या आणि तशाच ठेवून जेवत राहिलो. पुस्तकी नियम असा की टेबलाच्या पृष्ठभागापासून दिव्याची खालची कड ३० ते ३६ इंचांवर असावी. ३० ला समोरच्याचं तोंड झाकायचं आणि वाढायला वाकलं की कपाळ रोवळीला लागायचं. अर्थात लागायचं ते वाढणारीचं, बसलेल्यांना काहीच अडचण नव्हती. ३६ ला उंच नवऱ्याला खालून आतला बल्ब दिसला असता. ३३ वर सगळ्यांचं एकमत झालं, म्हणजे माझं झालं. टेबल पाच फुटी, म्हणून दोन्ही टोकांपासून पंधरा-पंधरा इंच सोडून दोन दिवे. तीन दिव्यांची फॅशन आहे, पण तिसरा दिवा आमच्या टेबलावर फक्त दिवा म्हणून राहिला असता.

गणपतीच्या डोक्यावरची फळं-पानांची माटवी त्याच खोलीत दुसऱ्या बाजूला बांधतात. दांड्या तिच्या आड येत नाहीत ना, हे सासूबाईंनी दोनदा तपासलं.

वायरिंगचं सगळं श्रेय वायरमनना. होल्डर कुठला, हा प्रश्न मला बारीकसा वाटला होता. आपल्याकडे घरोघर पिनांचा बल्ब, बी २२. टांगत्या दिव्यांत बहुतेक आट्यांचा होल्डर येतो, ई २७. आट्यांचा असेल तर फेज मधल्या ठिपक्याला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना जोडलाच पाहिजे. उलटं जोडलं तरी दिवा लागतो, आणि म्हणूनच ते लक्षात येत नाही. पण बल्ब फिरवताना बोट आट्यांना लागलं तर करंट. आम्ही पिनांचेच चिनीमातीचे होल्डर बसवले. रात्री बल्ब गेला तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही पिनांचा मिळतो. आतच एलईडी बसवलेले दिवे याच कारणाने नाकारले. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात इथे विजा पडतात, लाइट जातो-येतो, आणि दिव्यातली सर्किटची डबी उडाली की सगळा दिवाच कचऱ्यात. बल्ब बदलता येणारा दिवा निदान बल्बापुरताच मरतो. बल्ब ९ वॅटचे घेतले, प्रत्येकी साधारण ८०० लुमेनचे. टेबलाला पुरून उरतात.

कौलारू घरातली आणखी एक गोष्ट कुठल्याही दुकानात सांगत नाहीत. माकडं कौलांवरून उड्या मारतात, कौल सरकतं, आणि आतला थेंब वासा, तुळई, वायर असा ओघळत थेट दिव्यात उतरतो. वायरमननी वायर दांडीवरच्या वाटीत शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन तिथूनच टपकतं, वर चढून वाटीत जात नाही. टपकतं ते टेबलावर, पण आमटीत पाणी पडलेलं होल्डरात गेल्यापेक्षा बरं. बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे, तो त्यांनी बटण दाबून चालतो का ते बघून घेतला. दांडीचे स्क्रू स्टेनलेसचे, पण ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस खाऱ्या ओलीत एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचे वायसर. हे त्यांना कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाले, होडयेवर शिकलंय.

दिवे लागले. सासूबाईंनी पहिल्याच रात्री तारलीतले काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने मांडले आणि दिव्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणजे पसंत होते. जूनच्या पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या आल्या, तेव्हा मात्र उघड्या तोंडाच्या शेडचा तोटा कळला. किडे आत साठत नाहीत हे चांगलं, पण ते सरळ पानात पडतात. त्या दोन-तीन संध्याकाळी पडवीतला दिवा लावायचा, आतले बंद ठेवायचे आणि वाळव्या पडवीत जमेपर्यंत जेवण थांबवायचं. बाकी निगा फार नाही. बटण बंद करून दिवा थंड झाला की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्याने. नुसत्या कोरड्या फडक्याने मीठ घासलं तर कोटिंगवर चरे पडतात.

तारकर्लीला ओळखीच्या एकाचं होमस्टे आहे. दिवे बघून त्याने रंगाचा क्रमांक लिहून घेतला आणि थेट ऑर्डर द्यायला निघाला. त्याला थांबवलं. त्याच्या जेवणाच्या खोलीच्या भिंती समुद्री निळ्या आहेत. आमच्या भिंतीवरचे पत्र्याचे तुकडे काढून त्याच्या हातात दिले, भिंतीला टांग म्हटलं. त्याच्याकडे ७०३६ चक्क गुलाबी दिसत होता. त्याने ७०४० घेतला.